डहाणूची शांतता कोणी राखली?

सुट्टीत डहाणूला जाऊन आलेल्या माणसाला विचारा, काय पाहिलंत? सुरूची झाडं, बोर्डीपर्यंतचा किनारा, घोलवडचे चिकू आणि विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचं दर्शन, असं उत्तर येईल. २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल जाते, त्यामुळे जाणं सोपं झालं. पण मुंबईच्या इतक्या जवळ ही हिरवाई टिकली कशी, हे फारसं कोणी विचारत नाही. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

हा किनारा पूर्वी पोर्तुगीजांकडे होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात डहाणूचा किल्ला मराठ्यांनी घेतला. पुढे चिकूच्या बागा बहरल्या. त्यांत पारशी आणि इराणी बागायतदारांचा मोठा वाटा आहे. पर्यटक आज ज्या सावलीत बसतात, ती या बागांची.

आता जरा किनारा सोडून तलासरीकडे वळू. तिथले वारली एके काळी जमिनीचे धनी होते. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या आणि वारली त्याच जमिनीवर वेठीला आले. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघंही सावकाराच्या घरी राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावात वारल्यांचा मेळावा भरला. वेठ करायची नाही आणि रोज बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात काम करायचं नाही, असं तिथे ठरलं. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा लिहून ठेवला आहे.

दुसरी लढाई कागदावरची. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला आणि उद्योगांवर बंधनं आली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये एक प्राधिकरण नेमलं गेलं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला.

म्हणजे बघा, झरीला बारा आण्यांवर अडून बसलेले वारली आणि वाढवणला नाही म्हणणारं प्राधिकरण, यांचं काम एकच होतं. इथली जमीन आणि पाणी कोणासाठी, हा प्रश्न दोघांनीही विचारला.

तो प्रश्न पुन्हा उभा आहे. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने वाढवणला परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराचं भूमिपूजन झालं. रोजगार येईल, असं सरकार म्हणतं. मासेमारीची जागा जाईल, असं मच्छीमार म्हणतात. तेव्हा पुढच्या खेपेला डहाणूला गेलात, की चिकू जरूर घ्या. पण वाढवणलाही जा, आणि जाळी विणत बसलेल्या माणसांशी दोन शब्द बोलून या.