श्रद्धाधिष्ठित सोबर होम (स्त्रियांसाठी)

दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन सोडलेल्या स्त्रियांनी एकत्र राहण्याचे घर. नशा न करणे ही येथे राहण्याची पहिली अट असते आणि घराचा दिनक्रम एखाद्या धर्मश्रद्धेभोवती बांधलेला असतो. ही व्यवस्था अमेरिकेत सर्वाधिक रुजली असून तेथील बहुतेक घरे ख्रिस्ती मंडळ्यांशी जोडलेली आहेत. सोबर होम म्हणजे रुग्णालय नव्हे. नशा तुटल्यावर होणारी थरथर, उलट्या, झटके यांवरचे उपचार आधीच पार पडलेले असतात. उपचारकेंद्रातून बाहेर पडल्यावर ‘आता जायचे कुठे?’ हा जो प्रश्न उरतो, त्याचे उत्तर म्हणून ही घरे उभी राहिली.

स्त्रियांना वेगळे घर लागते याची काही कारणे शारीरिक आहेत. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी असल्याने तेवढीच दारू तिच्या रक्तात अधिक चढते. पहिल्या पेल्यापासून व्यसनापर्यंतचा काळही बहुधा तिच्या बाबतीत कमी असतो. परंतु खरी कारणे घरातली आहेत. उपचारांसाठी येणाऱ्या फार मोठ्या संख्येच्या स्त्रियांनी लैंगिक अत्याचार किंवा मारहाण सोसलेली असते. कित्येकींच्या हाती नशा पहिल्यांदा दिली ती नवऱ्याने किंवा जोडीदाराने. उपचारांनंतर परत जायचे घर त्याचेच असेल, तर केंद्रातले चार आठवडे चार दिवसांत वाया जातात. व्यसनी पुरुषाची बायको बहुधा त्याची वाट पाहत थांबलेली असते. व्यसनी स्त्रीची वाट पाहणारे माणूस क्वचितच उरते.

घरातला दिवस लवकर सुरू होतो. अंथरूण आवरायचे, प्रार्थनेला बसायचे, बायबलमधला उतारा वाचायचा आणि त्यावर जिला तिला सुचेल ते बोलायचे. मग कामावर जायचे किंवा काम शोधायला बाहेर पडायचे. संध्याकाळी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या धर्तीवरची बारा पायऱ्यांची मीटिंग, आठवड्यातून एकदा सगळ्या घराची बैठक, रविवारी चर्च. स्वयंपाक, भांडी, संडासाची सफाई यांच्या पाळ्या भिंतीवर लावलेल्या असतात. लघवीची तपासणी कधीही, न सांगता होते. मद्यार्क असलेले माउथवॉश आणि खोकल्याची औषधे घरात आणता येत नाहीत. नव्याने आलेल्या बाईला सुरुवातीचे काही आठवडे एकटीने बाहेर जाता येत नाही. काही घरांत फोनही काढून घेतात. बहुतेक ठिकाणी दर आठवड्याला भाडे द्यावे लागते, म्हणून पगाराचा दिवस हा आनंदाचा आणि सर्वांत धोक्याचाही. हातात रोख पैसे आले की जुने पाय जुन्या गल्लीकडे वळू पाहतात. त्या संध्याकाळी स्वयंपाकाची पाळी असणे, आपण न पोचल्यास चार बायका उपाशी बसतील हे ठाऊक असणे, याचे बळ मोठे असते. बाहेरच्यांना हे नियम जाचक वाटतात. पण जिच्या आयुष्यात कित्येक वर्षे जेवणाला आणि झोपेला वेळच नव्हती, तिला त्यांचा आधार होतो, हे मान्य करावे लागते.

या घरांची मुळे अल्कोहोलिक्स अनॉनिमसपर्यंत जातात. ही चळवळ १९३५ मध्ये ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून सुरू झाली आणि ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटाकडून तिने बरेच काही घेतले. मात्र परमेश्वर कोणता, हे तिने ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडले. श्रद्धाधिष्ठित घरे तसे सोडत नाहीत, ती येशूचे नाव घेतात. या चळवळीच्या बारा पायऱ्या नशेपुढे आपण हतबल आहोत या कबुलीपासून सुरू होतात. त्यांवर स्त्रियांच्या बाजूने मोठा आक्षेप जीन कर्कपॅट्रिक यांनी घेतला. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेल्या या अमेरिकी बाईंनी १९७५ मध्ये ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही संघटना उभारली. आपण हतबल आहोत, हे स्त्रीला नव्याने कबूल करायला लावू नये, ते तर तिला लहानपणापासूनच शिकवलेले असते, असे त्यांचे म्हणणे होते. श्रद्धाधिष्ठित घरांनाही हा आक्षेप लागू पडतो.

१९७५ मध्येच मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे पहिले ‘ऑक्सफर्ड हाउस’ सुरू झाले. ही घरे कोणत्याही धर्माची नाहीत. राहणारेच ती मतदानाने चालवतात आणि भाडे वाटून घेतात. स्त्रियांची घरे वेगळी असतात. एकत्र राहण्याने फरक पडतो का, याचा उत्तम पुरावा त्यांच्याकडून मिळाला. संशोधक लेनर्ड जेसन आणि सहकाऱ्यांनी उपचार संपवलेल्या १५० जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. निम्मे ऑक्सफर्ड हाउसमध्ये गेले, निम्म्यांना नेहमीचा पाठपुरावा मिळाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनंतर पहिल्या गटात सुमारे ३१ टक्के, तर दुसऱ्या गटात सुमारे ६५ टक्के लोक नशा करीत होते. शेजाऱ्यांच्या विरोधापासून अशा घरांना कायद्याचे संरक्षण आहे. १९८८ च्या गृहनिर्माण कायदादुरुस्तीने व्यसनातून सावरणाऱ्यांना (चालू नशा करणाऱ्यांना नव्हे) अपंगत्वाच्या तरतुदीत घेतले आणि १९९५ मध्ये एडमंड्स शहराबरोबरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्सफर्ड हाउसच्या बाजूने निकाल दिला.

स्त्रियांच्या श्रद्धाधिष्ठित घरांत सर्वांत विचारपूर्वक घडवलेले उदाहरण म्हणजे टेनेसी राज्यातील नॅशव्हिलचे ‘मॅग्डलीन’. एपिस्कोपल पंथाच्या धर्मगुरू बेका स्टीव्हन्स यांनी १९९७ मध्ये पाच स्त्रियांना घेऊन ते उघडले. स्टीव्हन्स पाच वर्षांच्या असताना त्यांचे धर्मगुरू वडील दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या धडकेत गेले आणि पुढे चर्चमधल्याच एका वडीलधाऱ्याने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. वेश्याव्यवसाय, मानवी व्यापार आणि व्यसन यांतून आलेल्या स्त्रियांना येथे दोन वर्षे विनामूल्य राहता येते. येणारीच्या हाती घराची किल्ली दिली जाते आणि घरात देखरेखीला कर्मचारी राहत नाही. सहजीवनाची २४ सूत्रे संत बेनेडिक्टच्या मठनियमांपासून स्फूर्ती घेऊन लिहिली गेली. २००१ मध्ये या स्त्रियांनी मेणबत्त्या आणि अंगाला लावायची तेले बनवायला सुरुवात केली. त्या उद्योगाचे नाव ‘थिसल फार्म्स’. थिसल हे काटेरी रानझुडूप, ज्या रस्त्यांच्या कडेला या बायका गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असत, तिथेच उगवणारे. २०१३ मध्ये उद्योगाला उपाहारगृहाची जोड मिळाली. काम केले की पगार मिळतो, ही गोष्ट येथे प्रार्थनेइतकीच महत्त्वाची मानली जाते.

हे महत्त्व आयर्लंडकडे पाहिले की कळते. तिथल्या मॅग्डलीन धोबीखान्यांतही ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना धर्माच्या नावानेच ठेवले जाई. पण दारे बंद असत, कपडे धुण्याचे काम बिनपगारी असे आणि कित्येकींचे सारे आयुष्य तिथेच संपले. शेवटचा धोबीखाना डब्लिनमध्ये १९९६ साली बंद झाला, म्हणजे नॅशव्हिलचे घर उघडण्याच्या केवळ एक वर्ष आधी. २०१३ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. दोन्हीकडे तीच संत मॅग्डलीन, तोच धर्म. फरक होता किल्ली कोणाकडे आहे आणि मजुरी कोणाच्या हातात पडते, यात. कोणत्याही श्रद्धाधिष्ठित घराची परीक्षा करताना प्रार्थनेच्या वेळापत्रकाआधी हेच पाहावे.

मुलांचा प्रश्न या घरांतल्या बायकांना सर्वांत जास्त पोखरतो. १९९७ च्याच एका अमेरिकी केंद्रीय कायद्याप्रमाणे मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखभालीत राहिले, तर आईबापांचे हक्क संपवण्याची कारवाई राज्याने सुरू करायची असते. तिला काही अपवाद आहेत. व्यसनातून नीट उभे राहायला बऱ्याचदा दोन वर्षेही लागतात आणि कायद्याची घटिका त्याआधीच भरते. म्हणून मुलांसह राहू देणारी घरे मोलाची ठरतात, पण ती फार थोडी आहेत. आई पुन्हा पिऊ लागली असेल तर त्यामागे पुष्कळदा न्यायालयाची तारीख असते, हे घर चालवणाऱ्या अनुभवी बायका ओळखून असतात.

दुसरा वाद औषधांचा. हेरॉइन, फेंटानिल यांसारख्या अफूवर्गीय नशेवर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे मृत्यूचे प्रमाण कमी करतात, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. तरीही अनेक श्रद्धाधिष्ठित घरे ती घेणारीला दारातूनच परत पाठवतात. ‘देवावर विश्वास असेल तर गोळी कशाला’ अशी त्यांची भूमिका असते. डॉक्टरने दिलेले असे औषध घेणाऱ्यांशी भेदभाव करणे अपंगविषयक कायद्याच्या विरुद्ध आहे, असे अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र सार्वजनिक सोयींसंबंधीच्या त्या कायद्याच्या भागातून धार्मिक संस्थांना सूट आहे. येथे धर्मस्वातंत्र्याचा आदर राखूनही ठामपणे म्हणावे लागते की औषधाला नकार देणे जीवघेणे आहे. काही महिने नशा तुटली की शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीचीच मात्रा प्राण घेते. ‘स्लिप’ झालेल्या, म्हणजे पुन्हा नशा केलेल्या बाईला त्याच रात्री घराबाहेर काढण्याचा नियमही याच कारणाने घातक आहे. चांगली घरे तिला आधी डॉक्टरकडे किंवा उपचारकेंद्रात पोचवतात आणि परतीची वाट मोकळी ठेवतात.

श्रद्धेचा उपयोग कोणत्या ठिकाणी होतो, हेही सांगायला हवे. अपराधीपणाच्या ओझ्याखाली दबलेल्या बाईला समुपदेशक ‘तुझा दोष नाही’ असे सांगतो, पण तिच्या मते तिने खरोखरच काही वाईट केलेले असते: मुलाला उपाशी ठेवलेले, आईचे दागिने विकलेले. क्षमेची भाषा ते नाकारत नाही आणि झाकतही नाही. ते कबूल करून पुढे जाण्याची वाट देते. हीच भाषा उलटी फिरवून अत्याचार करणाऱ्याला क्षमा करण्याची सक्ती तिच्यावर झाली, की ती नव्याने जखमी होते. क्षमेची वेळ तिची तिनेच ठरवायची असते.

महाराष्ट्रात श्रद्धेच्या आधाराने उभे राहिलेले ठळक काम म्हणजे ‘कृपा फाउंडेशन’. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ते सुरू केले. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य असल्याने त्यांनी बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये उभारलेले ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र धर्माशी जोडलेले नाही. तेथे ‘निशिगंध’ हा स्त्रियांसाठीचा स्वतंत्र विभाग आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील १.६ टक्के स्त्रिया मद्यपान करतात असे दिसले. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के होते. आकडा लहान असल्याने स्त्रियांच्या निवासाचा विचार मागे पडतो. उपचार संपलेली बाई सहसा सासरी किंवा माहेरी जाते आणि तिथे तिला कोणी घेतले नाही, तर निराधार स्त्रियांच्या वसतिगृहात. व्यसनातून सावरणे म्हणजे काय, हे जाणणारे कोणी तिथे असेलच असे नाही.