साक्षरतेची कसोटी आणि कृष्णवर्णीयांची प्रार्थनामंदिरे : अमेरिकेतील मताधिकाराच्या इतिहासातील एक प्रकरण

१

मतदानाचा हक्क कायद्याने मिळणे आणि तो प्रत्यक्ष बजावता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास हा भेद विशेष स्पष्टपणे दाखवितो. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, तेथील राज्यघटनेत पंधरावी दुरुस्ती झाली. वंश, वर्ण अथवा पूर्वीची दास्यावस्था या कारणांवरून कोणाही नागरिकाचा मताधिकार नाकारला जाणार नाही, असे तिने ठरविले. वर्णाचा उल्लेख करण्यास अशी बंदी झाल्यावर दक्षिणेकडील राज्यांनी वर्णाचे नाव न घेता तोच हेतू साधण्याचे मार्ग शोधून काढले. मतदारांवरील डोईपट्टी, मालमत्तेची अट आणि साक्षरतेची कसोटी हे त्यांतील प्रमुख होत.

मिसिसिपी राज्याने १८९० च्या आपल्या घटनेत असा नियम केला की, मतदाराला राज्यघटनेचे कोणतेही कलम वाचता आले पाहिजे, किंवा ते वाचून दाखविले असता समजले पाहिजे, अथवा त्याचा वाजवी अर्थ सांगता आला पाहिजे. दक्षिण कॅरोलिनाने १८९५ मध्ये वाचन-लेखनाची अट घातली व तिला ३०० डॉलरच्या मालमत्तेचा पर्याय ठेवला. लुइझियानात १८९६ साली १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णी मतदार नोंदलेले होते. १८९८ च्या नव्या घटनेनंतर, १९०४ पर्यंत, ही संख्या सुमारे १,३०० वर आली.

या कसोटीचे बाह्य रूप भाषिक होते. तिचा हेतू मात्र भाषेशी संबंधित नव्हता. ‘वाजवी अर्थ’ कोणता हे ठरविण्याचे कसलेही मोजमाप कायद्याने दिले नव्हते. नोंदणी-अधिकाऱ्याला जो अर्थ मान्य तोच वाजवी. त्यामुळे अर्धशिक्षित गोरा मनुष्य सोप्या कलमावर उत्तीर्ण होई आणि पदवीधर कृष्णवर्णी शिक्षक अनुत्तीर्ण ठरे. परीक्षा वाक्यार्थाची नव्हतीच. ती परीक्षार्थीच्या वर्णाची होती.

या कसोटीला ज्यांनी तोंड दिले त्यांत कृष्णवर्णीयांच्या चर्चसंस्थांचे स्थान फार वरचे आहे, हे सर्वमान्य आहे. परंतु केवळ धर्मश्रद्धेच्या बळावर हे कार्य आपोआप घडले, असा जो समज आढळतो तो पुराव्याला धरून नाही. चर्च हा मताधिकाराचा आश्रय मुळातच नव्हता. पुष्कळशा अप्रसिद्ध माणसांनी, कित्येकदा धर्मगुरूंची नाखुषी पत्करून, तो तसा करून घेतला. प्रस्तुत लेखात हाच मुद्दा मांडावयाचा आहे.

२

प्रथम, हे कार्य चर्चकडेच का आले ते पाहिले पाहिजे. रिचर्ड अ‍ॅलन यांनी फिलाडेल्फियात १७९४ मध्ये ‘बेथेल’ हे प्रार्थनामंदिर सुरू केले आणि १८१६ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली ‘आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ हा स्वतंत्र संप्रदाय उभा राहिला. ज्या काळी कृष्णवर्णी मनुष्य बहुतेक ठिकाणी स्वतःच्या देहाचाही धनी नव्हता, त्या काळी स्वतःची इमारत, स्वतःचा निधी आणि स्वतः निवडलेले पदाधिकारी असलेली ही संस्था निर्माण झाली. यादवी युद्धानंतर तिने राजकीय नेतेही दिले. मिसिसिपीतून १८७० मध्ये सिनेटवर गेलेले हायरम रेव्हल्स आणि दक्षिण कॅरोलिनातून प्रतिनिधिगृहात गेलेले रिचर्ड केन हे दोघेही याच संप्रदायाचे धर्मोपदेशक होते.

पुढे मताधिकार हिरावला गेला, तेव्हाही चर्च टिकून राहिले. शाळाशिक्षकाचा पगार गोऱ्यांच्या शाळामंडळाच्या हाती होता, कुळाची जमीन गोऱ्या मालकाची होती. धर्मोपदेशकाचा चरितार्थ मात्र मंडळीच्या वर्गणीवर चाले. त्याला नोकरीवरून काढणे इतरांना शक्य नव्हते. शिवाय, चर्चमध्ये मतदानाची सवय जिवंत होती. पदाधिकारी निवडणे, ठराव मांडणे, हिशेब तपासणे, सभेत उठून बोलणे या गोष्टी राज्याने नाकारल्या असल्या, तरी प्रार्थनामंदिरात त्या चालू होत्या.

परंतु हे स्वातंत्र्यही मर्यादितच होते. मंदिराची इमारत जाळता येत होती आणि धर्मोपदेशकाचा प्राणही घेता येत होता. मिसिसिपीतील बेल्झोनी येथील बाप्टिस्ट धर्मोपदेशक जॉर्ज ली आपल्या व्यासपीठावरून आणि आपल्या छोट्या छापखान्यातून लोकांना मतदार-नोंदणीचे आवाहन करीत असत. ७ मे १९५५ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याबद्दल कोणावरही खटला चालला नाही. अशा परिस्थितीत अनेक धर्मगुरू गप्प राहिले, याचे नवल वाटू नये.

३

साक्षरतेच्या कसोटीला साक्षरतेनेच उत्तर देण्याचा प्रयोग दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळील जॉन्स बेटावर झाला. या बेटांवरील लोकांची बोली ‘गला’ या नावाने ओळखली जाते. ती अशुद्ध इंग्रजी होय, असे दीर्घकाळ समजले जाई. लोरेन्झो टर्नर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिच्यातील पश्चिम आफ्रिकी भाषांचे अंश दाखवून देऊन हा समज खोडून काढला. घरी ही बोली बोलणाऱ्या माणसाला नोंदणी-कार्यालयात विधिज्ञांच्या इंग्रजीतील कलम वाचून दाखवावे लागे.

एसॉ जेंकिन्स हे बेटावरील रहिवासी मजुरांना बसने चार्ल्स्टन शहरात नेत-आणत. वाटेत ते उतारूंना घटनेतील कलमे समजावून सांगत. एका प्रौढ बाईने आपल्याला वाचता यावे, अशी इच्छा त्यांच्याजवळ व्यक्त केली. सेप्टिमा क्लार्क या अनुभवी शिक्षिका १९५६ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व न सोडल्यामुळे, नोकरीस मुकल्या होत्या आणि टेनेसीतील ‘हायलँडर लोकशाळे’त काम करीत होत्या. जेंकिन्स व क्लार्क यांनी प्रौढांच्या वर्गासाठी बेटावर जागा शोधली. शाळेची जागा मिळाली नाही. चर्चच्या केंद्रानेही भीतीपोटी नकार दिला. शेवटी एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत, बाहेरून कोणाला दिसू नये अशा बेताने, जानेवारी १९५७ मध्ये वर्ग सुरू झाला. चर्चच्या भूमिकेचा विचार करताना हा नकार नजरेआड करता येत नाही.

वर्गाला बर्नीस रॉबिन्सन या केशभूषाकार बाई शिकवीत. पेशाने शिक्षिका नसलेली व्यक्ती मुद्दाम निवडली होती, कारण प्रौढांना लहान मुलांप्रमाणे वागविणारा शिक्षक नको होता. काय शिकावयाचे हे त्यांनी विद्यार्थ्यांनाच विचारले. स्वतःचे नाव लिहिणे, मनीऑर्डरचा अर्ज भरणे, दूर असलेल्या मुलांची पत्रे वाचणे आणि घटनेचे कलम म्हणून दाखविणे, असा अभ्यासक्रम त्यातून तयार झाला. शेतीची कामे कमी असतात अशा हिवाळ्याच्या दिवसांत, आठवड्यातून दोन रात्री हा वर्ग भरे. त्यातील बऱ्याच जणांची पुढे मतदार म्हणून नोंदणी झाली आणि शेजारच्या बेटांवरून अशाच वर्गांची मागणी येऊ लागली. हक्कासाठी घातलेली अट हीच शिकण्याची प्रेरणा ठरली.

टेनेसी सरकारने हायलँडर शाळा बंद पाडण्याचा उद्योग आरंभिला, तेव्हा १९६१ मध्ये हा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’कडे सोपविण्यात आला. निधीची व्यवस्था ‘युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट’ने पाहिली. जॉर्जियातील डॉर्चेस्टर केंद्रात निरनिराळ्या राज्यांतील माणसांना प्रशिक्षण मिळू लागले आणि ती गावी परतून चर्चच्या तळघरांत, स्वयंपाकघरांत, दुकानांत वर्ग चालवू लागली. एका बेटावर चर्चने ज्या कामाला जागा नाकारली होती, ते काम चार वर्षांनी चर्चच्याच छत्राखाली सर्व दक्षिणेत पसरले.

४

या वर्गांचा अर्थ फॅनी लू हेमर यांच्या उदाहरणावरून ध्यानात येतो. हेमर या मिसिसिपीतील रुल्व्हिल गावच्या, कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या. कृष्णवर्णी मनुष्याला नोंदणीचा हक्क आहे, हे त्यांनी ऑगस्ट १९६२ मध्ये विल्यम्स चॅपल या बाप्टिस्ट मंदिरातील सभेत प्रथम ऐकले. तेव्हा त्यांचे वय ४४ वर्षांचे होते. ३१ ऑगस्ट रोजी त्या इतर १७ जणांसह इंडियानोला येथे नोंदणीस गेल्या. ‘डी फॅक्टो’ कायद्यांविषयीचे एक कलम उतरवून त्याचा अर्थ सांगण्याची त्यांना आज्ञा झाली. ज्या लॅटिन शब्दप्रयोगाचा संबंध विधिज्ञाखेरीज कोणाला येत नाही, त्यावर एका मजूर स्त्रीचा मताधिकार अवलंबून ठेवला गेला. त्या अनुत्तीर्ण झाल्या. ज्या मळ्यावर त्यांनी १८ वर्षे काम केले होते, तेथून त्यांना त्याच दिवशी निघावे लागले. जानेवारी १९६३ मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या. त्याच वर्षी जूनमध्ये, नागरिकत्वाच्या प्रशिक्षणवर्गाहून परत येत असता, विनोना येथे त्यांना अटक झाली आणि तुरुंगात निर्दयपणे मारहाण करण्यात आली.

१९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत नोंदणीची मोठी मोहीम झाली, तेव्हा तीसहून अधिक प्रार्थनामंदिरे जाळली किंवा उडविली गेली. नेशोबा परगण्यातील माउंट झायन हे मेथडिस्ट मंदिर १६ जूनच्या रात्री जळाले. त्याची चौकशी करण्यास गेलेल्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा २१ जून रोजी खून झाला. विरोधकांनी नेमकी मंदिरेच का जाळली, याचे उत्तर उघड आहे. मतदार कोठे तयार होतात हे त्यांना ठाऊक होते.

५

अलाबामातील सेल्मा गाव ज्या डॅलस परगण्यात येते, तेथे १९६१ मध्ये मतदानयोग्य वयाच्या सुमारे १५,००० कृष्णवर्णीयांपैकी अवघे १५६ नोंदलेले होते. नोंदणी-कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडे असे. टॅबर्नॅकल बाप्टिस्ट मंदिरात मे १९६३ मध्ये मताधिकाराची पहिली जाहीर सभा झाली. जुलै १९६४ मध्ये एका न्यायाधीशाने अशा सभांना मनाई केली. तरी २ जानेवारी १९६५ रोजी ब्राउन चॅपलमध्ये किंग यांची सभा भरली. २२ जानेवारी रोजी शंभराहून अधिक शिक्षक नोंदणीसाठी न्यायालयावर चालून गेले. ज्यांची नोकरी गोऱ्यांच्या हाती होती असा हा वर्ग. त्यांचे नेते फ्रेडरिक रीस हे शिक्षक आणि धर्मोपदेशक दोन्ही होते. मंदिराची निर्भयता शाळेपर्यंत पोहोचली, ती अशी.

फेब्रुवारीत जिमी ली जॅक्सन हा तरुण बाप्टिस्ट सेवक पोलिसाच्या गोळीने मरण पावला. ७ मार्च रोजी सेल्माच्या पुलावर सुमारे ६०० मोर्चेकऱ्यांवर अश्रुधूर व लाठीचा मारा झाला. जखमींवर कॅथलिक संघाच्या रुग्णालयात उपचार झाले. किंग यांच्या आवाहनावरून निरनिराळ्या पंथांचे धर्मगुरू, जोगिणी व ज्यू रब्बी सेल्मात आले. त्यांपैकी युनिटेरियन धर्मोपदेशक जेम्स रीब ९ मार्चच्या रात्री झालेल्या मारहाणीमुळे ११ मार्च रोजी मरण पावले. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि दक्षिणेतील साक्षरतेच्या कसोट्या स्थगित झाल्या. १९७० मध्ये ही बंदी देशभर लागू झाली व १९७५ मध्ये ती कायम झाली. मिसिसिपीत नोंदलेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण ६.७ टक्के होते. १९६७ पर्यंत ते ५९.८ टक्के झाले.

६

या यशाच्या वर्णनात दुसरी बाजू झाकली जाऊ नये. दक्षिणेतील बहुतेक गोऱ्या चर्चसंस्था मौन पाळून होत्या. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंग यांनी लिहिलेले प्रसिद्ध पत्र आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होते, आणि त्यांनी संयमाचाच उपदेश केला होता. सेल्मातील कॅथलिक पाद्री मॉरिस वेलेट यांना चळवळीस साहाय्य केल्याबद्दल त्यांच्याच आर्चबिशपने १९६५ मध्ये गाव सोडावयास लावले. खुद्द कृष्णवर्णीयांच्या सर्वांत मोठ्या बाप्टिस्ट महासंघाचे अध्यक्ष जोसेफ जॅक्सन यांना सत्याग्रहाचा मार्ग अमान्य होता. या वादाचीही भर पडून १९६१ मध्ये महासंघ दुभंगला. एकच धर्मग्रंथ दोन्ही बाजूंना होता. फरक पडला तो मंदिराची किल्ली कोणाच्या हाती होती आणि ते उघडण्याचे धैर्य कोणी दाखविले, यामुळे.

मराठी वाचकाला येथे एका गोष्टीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मुंबई विधिमंडळाच्या समितीचे सभासद या नात्याने डॉ. आंबेडकरांनी १९२९ मध्ये सायमन कमिशनसाठी जो स्वतंत्र अहवाल लिहिला, त्यात मताधिकारासाठी साक्षरतेची अट अमान्य केली होती. निरक्षर मनुष्य बुद्धिहीन असतो हे गृहीतच चुकीचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतंत्र भारताने प्रौढ मताधिकार स्वीकारला आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत चिन्हांच्या साह्याने निरक्षरांनीही मतदान केले. अमेरिकेला त्याच तत्त्वापर्यंत पोहोचण्यास आणखी दीड-दोन तपे लागली.

तेथील प्रश्न १९६५ च्या कायद्याने कायमचा सुटला, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या कायद्यातील एक महत्त्वाची तरतूद रद्द ठरविली. त्यानंतर लगेच उत्तर कॅरोलिनाने केलेल्या कायद्यात मुदतपूर्व मतदानाच्या दोन रविवारांपैकी एक वगळला गेला. रविवारची उपासना संपल्यावर मंडळीने एकत्र मतदानास जाण्याची प्रथा कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये रूढ झालेली होती. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा रद्द केला. साक्षरतेच्या जागी तारीख आली, एवढाच काय तो बदल. अटीचे रूप पालटले, तरी तिला उत्तर देणारी माणसे पूर्वीच्याच ठिकाणी, रविवारी सकाळी, एकत्र जमत होती.