हरलेल्या उमेदवाराचं भाषण : कायद्यात जागा नाही, मग महत्त्व का?

निकाल लागला की जिंकलेल्या उमेदवाराचे व्हिडिओ सगळीकडे फिरू लागतात. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर आणखी एका भाषणाकडे लोकांचे डोळे लागलेले असतात, ते म्हणजे हरलेल्या उमेदवाराच्या. पराभव जाहीरपणे मान्य करणाऱ्या या भाषणाला ‘कन्सेशन स्पीच’ म्हणतात.

ही प्रथा आली कुठून?

१८९६ मध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी विजयी उमेदवार विल्यम मॅकिन्ली यांना अभिनंदनाची तार पाठवली. तेव्हापासून ही रीत रुळली. पुढे तारेची जागा रेडिओने आणि नंतर टीव्हीने घेतली.

कायदा काय सांगतो?

काहीच नाही. पराभव मान्य केला किंवा नाही केला, तरी निकाल मतमोजणीवरच ठरतो. २००० मध्ये अल गोर यांनी निकालाच्या रात्री जॉर्ज बुश यांना फोन करून हार मान्य केली आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून शब्द मागे घेतला. फ्लोरिडातला फरक इतका कमी होता की मोजणीचा वाद सुप्रीम कोर्टात गेला.

मग भाषण कोणासाठी?

मुख्यतः स्वतःच्या समर्थकांसाठी. देशभरात पाच लाखांहून अधिक मतं जास्त मिळूनही गोर हरले. १३ डिसेंबरच्या भाषणात त्यांनी सांगितलं, की कोर्टाचा निर्णय पटलेला नाही, पण स्वीकारला आहे. या वेळी पुन्हा फोन करणार नाही, असं बुश यांना कळवल्याचंही त्यांनी मिश्कीलपणे सांगितलं.

२००८ मध्ये फिनिक्स शहरात जॉन मॅकेन बोलत होते. बराक ओबामांचं नाव निघताच गर्दीने हुर्यो उडवली. मॅकेन यांनी हात वर करून लोकांना शांत केलं. कृष्णवर्णीय अमेरिकनांसाठी या विजयाचं मोल काय आहे, हे त्यांनीच समर्थकांना समजावलं आणि अपयश माझं आहे, तुमचं नाही, असं सांगितलं.

चांगल्या भाषणात काय असतं?

• विजेत्याचं नाव घेऊन स्पष्ट अभिनंदन. ‘पण’ आणि ‘तरीही’ची शेपटी नाही.
• मतभेद असतील तर ते लपवायचे नाहीत, पण निकाल मानायचा.
• कार्यकर्त्यांचे आभार आणि पराभवाची जबाबदारी स्वतःकडे.

हे झालं नाही तर?

६ जानेवारी २००१ रोजी संसदेत मतांची अधिकृत मोजणी झाली. उपाध्यक्ष या नात्याने गोरच अध्यक्षस्थानी होते. स्वपक्षाच्या खासदारांचे आक्षेप नियमात बसत नसल्याने त्यांनी फेटाळले आणि बुश यांचा विजय स्वतः जाहीर केला.

२०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी पराभव मान्य केला नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी त्याच इमारतीत मोजणी सुरू असताना त्यांचे समर्थक आत घुसले. काही तास थांबलेली मोजणी रात्री पुन्हा सुरू झाली आणि जो बायडेन यांचा विजय कायम राहिला.