गुडघे न वाकवता…

कवायतीच्या तासाला आपण मुलांना सांगतो, "गुडघे न वाकवता बोटं जमिनीला टेकवा." काहींची टेकतात, काहींची वीतभर वरच राहतात. आपण हसतो आणि पुढचा प्रकार सांगतो. पण १९५५ साली याच साध्या कृतीने अमेरिकेच्या अध्यक्षांना चिंतेत टाकले होते.

डॉ. हान्स क्राउस हे मूळचे ऑस्ट्रियाचे, गिर्यारोहणाचे शौकीन. न्यूयॉर्कमध्ये ते पाठदुखीच्या रुग्णांवर उपचार करीत. डॉ. सोन्या वेबर यांच्यासह त्यांनी सहा चाचण्या बसवल्या. उताणे झोपून उठून बसायचे, एकदा पाय सरळ ठेवून आणि एकदा गुडघे मोडून. मग पाय उचलून दहा सेकंद धरायचे. पालथे होऊन आधी छाती, नंतर पाय तसेच उचलून धरायचे. शेवटी जमिनीला बोटे टेकवून तीन सेकंद थांबायचे. मूल किती बलवान आहे हे त्यात मोजायचेच नव्हते. पाठीचे काम नीट चालावे एवढी किमान ताकद आणि लवचीकता आहे का, इतकेच पाहायचे होते.

पुढे क्राउस आणि रूथ हिर्शलँड (बॉनी प्रुडेन या नावाने त्या नंतर गाजल्या) यांनी हजारो शाळकरी मुलांना या चाचण्या दिल्या. अमेरिकेतली ५७.९ टक्के मुले नापास झाली. ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंडमधली अवघी ८.७ टक्के. क्राउस यांनी दोष दिला मोटारीला, शाळेच्या बसला, दूरचित्रवाणीला. दिवस शीतयुद्धाचे होते. अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी जुलै १९५५ मध्ये हा अहवाल ऐकला आणि पुढच्याच वर्षी युवकांच्या तंदुरुस्तीसाठी परिषद नेमली.

आता त्या आकड्याकडे जरा बारकाईने पाहू. सहापैकी एका चाचणीत चुकले तरी मूल नापास! समजा, प्रत्येक चाचणी ९० टक्के मुलांना जमते आणि चाचण्यांचा एकमेकींशी संबंध नाही. तर सहाही जमणारी मुले ०.९ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ५३ टक्केच उरतात. (दहावीच्या मुलांना हे गणित जरूर घाला.) अर्थात युरोपातल्या मुलांनाही हाच नियम होता, तेव्हा फरक खोटा नव्हता. पण तो कशाचा होता?

अमेरिकन मुलांच्या अपयशात मोठा वाटा बोटे टेकवण्याचा होता. वाढीच्या ऐन वयात पाय धडापेक्षा भराभर लांब होतात आणि तीच बोटे काही काळ वर राहतात, हे कोणत्याही कवायत शिक्षकाला ठाऊक असते. शिवाय मध्य युरोपातल्या शाळांत जिम्नॅस्टिक्सची परंपरा जुनी, तर अमेरिकन शाळांचा ओढा चेंडूच्या खेळांकडे. एकीकडची मुले जे रोज करीत, तेच परीक्षेत विचारले गेले होते! माझ्या मते या आकड्यांवरून मोटारीचा परिणाम कोणता आणि अभ्यासक्रमाचा कोणता, हे वेगळे काढताच येत नाही.

गंमत पुढेच आहे. अमेरिकेतल्या शारीरिक शिक्षकांच्या संघटनेने लवकरच देशभरासाठी नवी कसोटी तयार केली आणि १९५८ मध्ये तिचे मानांक प्रसिद्ध केले. तीत धावणे होते, लांब उडी होती, सॉफ्टबॉल फेकणेही होते. वाकून जमिनीला बोटे टेकवणे मात्र गळाले. आणि ही कसोटी होती पाचवी ते बारावीसाठी; क्राउस यांनी तपासलेली सहा-सात वर्षांची चिमुरडी तीत नव्हतीच.