वीजबचत : हिशेब घरचा आणि कार्यालयाचा

विजेचे बिल हाती आले की पहिली नजर रकमेकडे जाते. किती युनिट वापरले, हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. वास्तविक, बचतीची सुरुवात त्याच आकड्यापासून होते. १,००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. उपकरणाचे वॉट आणि वापराचे तास यांच्या गुणाकाराला १,०००ने भागले की त्याचा खर्च कळतो. हा हिशेब एकदा मांडला, म्हणजे वीज नेमकी कोठे जाते, हे ध्यानात येते.

वाचलेले युनिट महागडे

महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढत जातो. पहिले १०० युनिट सर्वांत स्वस्त. त्यानंतर १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५००च्या पुढे असे चढते टप्पे आहेत. त्यामुळे बचत केलेले युनिट बिलाच्या वरच्या, म्हणजेच महागड्या टप्प्यातून कमी होते.

उदाहरणार्थ, छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॉटचा असतो, तर नवा ‘बीएलडीसी’ पंखा साधारण ३० वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. दररोज १२ तास चालणारे दोन पंखे बदलल्यास महिन्याला सुमारे ३२ युनिट वाचतात. ज्या घराचा वापर ३२० युनिट आहे, ते घर एवढ्यानेच ३००च्या खालच्या टप्प्यात येते.

घरात काय करावे?

* वातानुकूलन यंत्र : तापमान २४ अंशांवर ठेवावे. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. १८ अंश लावल्याने खोली लवकर गार होते, हा गैरसमज आहे. साधे यंत्र कोणत्याही आकड्यावर सारख्याच जोराने चालते. आकडा कमी ठेवल्यास ते केवळ अधिक वेळ चालते. सोबत पंखा मंद लावावा आणि जाळी नियमित धुवावी.

* गिझर : १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.६ युनिट लागते. ते पाणी निवू दिले, तर पुन्हा तापविण्याचा भुर्दंड पडतो. त्यामुळे गिझर आंघोळीच्या थोडे आधी लावून सर्वांच्या आंघोळी पाठोपाठ उरकाव्यात.

* फ्रीज : भिंतीपासून थोडे अंतर सोडून ठेवावा. गरम पदार्थ निवल्यावरच आत ठेवावेत. दाराचे रबर सैल झाले असल्यास ते बदलावे.

* रिमोटने बंद केलेली उपकरणे : दूरचित्रवाणीचा संच रिमोटने बंद केला, तरी त्याला जोडलेला सेट-टॉप बॉक्स वीज घेतच राहतो. दहा वॉट धरले, तरी महिन्याला सात युनिट होतात. भिंतीवरचे बटण बंद करणे हाच उपाय.

कार्यालयातील बेफिकिरी

घरात बटण दाबणारा आणि बिल भरणारा एकाच कुटुंबातला असतो. कार्यालयात तसे नसते, आणि बेफिकिरीचे मूळ तेथेच आहे. ४० संगणकांचे एखादे कार्यालय घेऊ. संध्याकाळी संगणक तसेच चालू राहिले आणि प्रत्येकी ६० वॉट धरले, तर सकाळपर्यंतच्या १४ तासांत सुमारे ३४ युनिट खर्च होतात. दोन पंखे बदलून घरात महिनाभरात जेवढी वीज वाचविली, तेवढी येथे एका रात्रीत वाया जाते.

पडद्यावर हलणारी चित्रे म्हणजे बचत नव्हे. पडदा आणि संगणक दोन्ही बंद व्हायला हवेत. दिव्यांची बटणे रांगेनुसार वेगळी करावीत, म्हणजे एका टेबलासाठी संपूर्ण दालन उजळावे लागत नाही. खिडकीजवळचे दिवे दिवसा बंद ठेवावेत. शेवटी निघणाऱ्याने काय काय बंद करायचे, याची यादी दाराशी लावावी आणि दरमहाच्या युनिटांचा आकडा सूचना फलकावर लिहावा. बिल भरावे लागत नसले, तरी आकडा दिसू लागला की सवयी बदलतात.

खरेदी करताना

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना झाली. उपकरणांवरील ताऱ्यांची योजना २००६ पासून सुरू आहे. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ती सक्तीची झाली. मात्र, केवळ तारे मोजू नयेत. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुन्या निकषांवर पाच तारे मिळालेले उपकरण नव्या निकषांवर मागे पडू शकते. पट्टीवरील वर्ष आणि वार्षिक वीजवापराचे युनिट अवश्य वाचावेत.

बिलात न दिसणारी किंमत

राज्यातील वीज आजही मोठ्या प्रमाणावर कोळशापासून तयार होते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तेथून शहरांपर्यंत येताना वाहिन्यांमध्ये काही वीज वाया जाते; म्हणजे आपल्या घरी एक युनिट पोहोचावे यासाठी तेथे एकाहून अधिक युनिट तयार करावे लागते. त्याची राख आणि धूर मात्र केंद्राच्या परिसरातील रहिवाशांच्या वाट्याला येतो. पुण्या-मुंबईतील रिकाम्या दालनातले दिवे रात्रभर जळतात, तेव्हा पैसे कार्यालयाचे जातात आणि कोळसा चंद्रपुरात जळतो. निघताना बटण बंद करण्याची सवय या दोन्हींसाठी लावून घ्यायला हवी.