दुसऱ्या घरातली नक्कल

माझ्या पुतण्याचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. थोडा माल मुंबईच्या व्यापाऱ्यांमार्फत बाहेरदेशी जातो, थोडा हल्ली तो स्वतःच पाठवतो. मागच्या वर्षी त्याच्याकडे पत्रव्यवहार पाहणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला. रिकाम्या खात्याचे दरमहा पैसे कशाला भरायचे, म्हणून पुतण्याने त्या मुलाचे ईमेल खाते काढून टाकले. दीड-दोन महिन्यांनी परदेशी गिऱ्हाइकाची तक्रार आली, की रंग ठरल्याप्रमाणे नाहीत आणि माल आठ दिवस उशिरा पोचला. रंगांचे नंबर ठरल्याचे पत्र होते त्याच खात्यात, आणि बोटीची तारीख पुढे ढकलल्याची नोंद होती त्याच खात्याच्या कॅलेंडरमध्ये. खात्याबरोबर दोन्ही गेले होते.

"काका, गिऱ्हाइकाकडे ती पत्रं असणारच की," तो म्हणाला. "पण त्यालाच कसं विचारू, की आपलं काय ठरलं होतं ते जरा मला कळवा?"

शेवटी सूट देऊन प्रकरण मिटवले. मी मात्र त्याच्या त्या वाक्यापाशीच अडकलो. तीस-बत्तीस वर्षे इतिहास शिकवला, आणि आपल्या इतिहासाचे बरेचसे साधन असे 'गिऱ्हाइकाकडे' सापडलेले आहे हे मुलांना कधी नीट सांगितले नाही.

१६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला, आणि तिथले दफ्तर नष्ट झाले असे इतिहासकार मानतात. म्हणजे पाठवणाऱ्याकडची प्रत गेली. तरी महाराजांची पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात, कारण ती ज्यांना गेली त्यांनी जपली. देशमुख, देशपांडे, मठ, देवस्थाने अशांच्या घरी वतनाचा पुरावा म्हणून कागद रुमालात बांधून ठेवलेले असत. कागद गेला तर वतन गेले! राजवाड्यांनी असे रुमाल धुंडाळत गावोगाव पायपीट केली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले.

इंग्रजांची रीत आणखी वेगळी. सुरतेच्या वखारीतून लंडनला पत्र पाठवायचे तर त्याच्या नकला वेगवेगळ्या जहाजांनी जात. एक जहाज बुडाले, दुसरे चाच्यांनी धरले, तरी तिसरे पोचेल हा हिशेब. शिवाय वखारीच्या वहीत नक्कल उतरलेली असे ती वेगळीच. त्यामुळे ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनचा वृत्तांत आपल्याला मिळतो, आणि १९३१ साली पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाला या इंग्रजी कागदांचा भला थोरला ग्रंथ काढता आला. (व्यापाऱ्यांची जात! दोस्ती असो वा दुष्मनी, नक्कल ठेवल्याशिवाय पत्र हलायचे नाही.)

ही झाली पत्रे. कॅलेंडरचे उदाहरण मला त्याहून आवडते. शिवजन्माची तिथी पूर्वी शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ धरत. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली होती, वर्षवार, तिथीवार घडामोडींची टाचणे. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत जन्मतिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य ३. एका घरातले एक टाचण, त्यावर विश्वास कसा ठेवायचा? पण पुढे जोधपूरला जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात महाराजांची कुंडली मिळाली, ती याच तिथीची. आणि तंजावरला सापडलेल्या कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'तही हीच तिथी निघाली. कारी, जोधपूर, तंजावर. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन घरांत एकच नोंद. आज १९ फेब्रुवारीची सुट्टी आपण घेतो ती या नोंदींच्या जोरावर. याच तीन नकला रायगडावर एका कपाटात असत्या तर?

आता पुतण्याकडे परत येतो. त्याच्या मुलीने चार-पाच क्लाउड बॅकअप सेवांचा एक तक्ता केला. दर माणशी किती पैसे, किती जागा, दिवसातून किती वेळा नक्कल, वगैरे. (क्लाउड म्हटले की मला यक्ष आठवतो. त्यानेही निरोप मेघाकडेच दिला होता आणि नक्कल काही ठेवली नव्हती.) मी म्हटले, तक्त्यात एक रकाना वाढव : नक्कल कोणाच्या घरात?

कारण हे घर नक्की कोणाचे ते चटकन कळत नाही. मूळ सेवेतली कचरापेटी म्हणजे बॅकअप नव्हे. गूगलच्या व्यवसायाच्या खात्यात काढून टाकलेली मेल ३० दिवस कचऱ्यात राहते, नंतर व्यवस्थापकाला ती आणखी २५ दिवस परत आणता येते. पण खातेच काढले तर मुदत फक्त २० दिवसांची. मायक्रोसॉफ्टकडे काढलेले खाते ३० दिवस मिळते. गूगलचे 'व्हॉल्ट' हे कोर्टकचेरीसाठी पत्रे धरून ठेवण्याचे साधन, खाते काढले की त्यातलेही जाते. मायक्रोसॉफ्टने २०२४ पासून स्वतःचा बॅकअप विकायला काढला आहे. त्यातून पत्रे भराभर परत येतात म्हणतात, पण नक्कल त्यांच्याच वाड्यात राहते. बॅकअपिफाय, स्पॅनिंग या सेवा आपल्या वेगळ्या जागेत नक्कल ठेवतात, मात्र दोघींची मालकी पुढे कासेया या एकाच कंपनीकडे गेली. व्हीममध्ये नक्कल कुठे ठेवायची ते आपण ठरवू शकतो, म्हणून मला तो बरा वाटला. पण ते सांभाळायला जाणता माणूस हवा, आणि आठ-दहा खात्यांच्या कारखान्यात तो कुठून आणायचा? फुकटचा मार्ग म्हणजे गूगलचे 'टेकआउट' : दर महिन्याला पत्रे आणि कॅलेंडर उतरवून घ्यायचे आणि डिस्क घरी न्यायची. आळस आडवा येतो एवढेच.

"एवढ्या मोठ्या कंपन्यांचं काय बुडणार आहे?" असे पुतण्या म्हणाला. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के लोकांची पत्रे दिसेनाशी झाली होती. गूगलकडच्या इतर नकलांनाही त्याच चुकीचा फटका बसला, आणि पत्रे परत आली ती वेगळ्या ठेवलेल्या टेपवरून. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची मांडणी गूगल क्लाउडवरून चुकून पुसली गेली. दोन ठिकाणी नक्कल होती, दोन्ही गेल्या, कारण दोन्ही एकाच धन्याच्या. सहा लाखांवर सभासदांचा फंड सावरायला दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या नकलेचीही मोठी मदत झाली. हे ऐकल्यावर रकाना वाढला.

मग मी मास्तरकीचा शेवटचा हट्ट धरला. नक्कल आहे असे म्हणू नका, परीक्षा घ्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक जुने पत्र आणि कॅलेंडरची एक नोंद परत आणून दाखवायची. त्यांनी एक सेवा घेतली (नाव लिहीत नाही), आणि पहिल्या सोमवारी मीही कारखान्यात जाऊन बसलो. पत्र दोन मिनिटांत आले. कॅलेंडरची नोंदही आली, पण परत येताना तिने जुन्या बैठकीची निमंत्रणे सगळ्यांना नव्याने धाडली, त्या परदेशी गिऱ्हाइकालासुद्धा. तासाभरात त्याचे उत्तर : ही बोट तर केव्हाच येऊन गेली, आता नवी कुठली?

नातीने माफीचे पत्र लिहिले आणि तक्त्यात आणखी एक रकाना आखला. सूनबाईंनी मात्र तेव्हापासून बोटींच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लाल पेनाने लिहायला सुरुवात केली आहे.