कृत्याचा गुन्हा आणि जन्माचा गुन्हा : नळदुर्ग ते विमुक्त दिन

#थ्रेड

१/ धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला बोरी नदीवरील पाणीमहालासाठी प्रसिद्ध आहे. १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला आणि येथील कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या गाजलेल्या कादंबरीचा हाच लेखक. गुन्ह्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास येथून सांगता येतो.

२/ टेलर तरुणपणी निजामाच्या चाकरीत पोलीस अधिकारी होता. आपल्याला पलटणीत परत बोलावले नसते, तर ठगांचा छडा आपणच आधी लावला असता, अशी खंत त्याने आत्मचरित्रात व्यक्त केली आहे. ते श्रेय पुढे विल्यम स्लीमनला मिळाले. स्लीमनचे मुख्य साधन होते माफीचे साक्षीदार. त्यांच्या जबानीवरून शेकडो माणसे पकडली गेली.

३/ परंतु अडचण होती. विशिष्ट माणसाने विशिष्ट दिवशी विशिष्ट वाटसरूचा खून केला, हे सिद्ध करणे कठीण जाई. त्यावर कंपनी सरकारने १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तोड काढली : ठगांच्या टोळीत सामील असल्याचे सिद्ध झाले, की जन्मभर सक्तमजुरी. टोळी कंपनीच्या हद्दीतली असो वा हद्दीबाहेरची. म्हणजे निजामाचा मुलूखही त्यातून सुटला नाही.

४/ येथे एक मूलभूत बदल झाला. तोवर न्यायालय विचारी, ‘याने काय केले?’ आता प्रश्न झाला, ‘हा कोण आहे?’ ठग नावाचा एकसंध पंथ खरोखर होता, की वाटमारीच्या अनेक टोळ्यांना इंग्रजांनी एकच नाव दिले, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. कायद्याने मात्र ते नाव पक्के केले.

५/ याउलट पहिला प्रश्न किती काटेकोरपणे विचारता येतो, हे १८६० च्या भारतीय दंडसंहितेत दिसते. उदाहरणार्थ, तुळजापूरच्या यात्रेतील एका भाविकाची पैशांची थैली घ्या. नकळत लांबवली तर ती चोरी : तीन वर्षांपर्यंत कैद. धमकी देऊन त्याच्याच हातून घेतली, तर खंडणी.

६/ तेथल्या तेथे मारहाण करून वा जिवाची भीती घालून हिसकावली, तर जबरी चोरी : दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. तेच कृत्य पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले, तर दरोडा : जन्मठेपेपर्यंत शिक्षा. थैली तीच, रक्कम तीच. बदलते ते कृत्याचे स्वरूप आणि त्यातून समाजाला असलेला धोका.

७/ दुसरे वर्गीकरण प्रक्रियेचे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना तपासही करता येत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. ‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीन मिळतच नाही, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. काही गुन्ह्यांत फिर्यादी आणि आरोपी यांना तडजोडही करता येते.

८/ या साऱ्या खणांत कृत्येच ठेवलेली आहेत. परंतु याच दंडसंहितेच्या कलम ३१० मध्ये ‘ठग’ येऊन बसला. खुनासह लूट किंवा मुले पळवणे यासाठी इतरांशी नेहमीची संगत ठेवणारा तो ठग. शिक्षा जन्मठेप आणि दंड. चोरी करावी लागते, दरोडा घालावा लागतो; ठग मात्र असावे लागते.

९/ संगत निदान माणूस स्वतः निवडतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तीही अट काढून टाकली. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित केली, की तिच्यातील माणसांची नोंद, हजेरी आणि फिरण्यावर बंधने सुरू होत. त्या अधिसूचनेच्या वैधतेबद्दल न्यायालयाला प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. प्रारंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला.

१०/ त्याचे जवळचे रूप धाराशिवच्या शेजारी, ब्रिटिश अमलाखालील सोलापुरात दिसे. तारेच्या कुंपणातील वसाहत, ठरल्या वेळी हजेरी, आणि कुंपणातील माणसांचे श्रम कापडगिरण्यांत. शहरातला तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो. १९२४ च्या कायद्याने तर मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. त्या मुलांवर कोणत्या कलमाचा आरोप होता? कोणत्याच नाही.

११/ नळदुर्गचा मुलूख १८६० मध्ये निजामाकडे परतला होता. संस्थानाचे कायदे स्वतंत्र होते. भारतीय दंडसंहिता येथे लागू झाली ती संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १ एप्रिल १९५१ रोजी. पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. म्हणून या जमाती ‘विमुक्त’, आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन.

१२/ कायदा गेला, शिक्का राहिला. लक्ष्मण गायकवाड यांचा जन्म १९५२ चाच. त्यांचे गाव धनेगाव. ते आज लातूर जिल्ह्यात आहे; परंतु १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. त्यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जन्माने मिळालेल्या संशयाखाली घर कसे जगते, हे त्या पुस्तकातून महाराष्ट्राला कळले.

१३/ रद्द झालेल्या कायद्याची जागा राज्याराज्यांतील सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा. कागदावर त्यांचा निकष जात नसून व्यक्तीला वारंवार झालेली शिक्षा हा आहे. व्यवहारात मात्र चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय टिकून राहिली.

१४/ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यातून ‘ठग’ वगळला गेला. १८३६ पासून चालत आलेला गुन्हा शांतपणे संपला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढण्याचा आदेश दिला. विमुक्त जमातींतील माणसांना मनमानी अटक होऊ नये, असेही बजावले.

१५/ जुन्या दफ्तरात, जुन्या वर्तमानपत्रात किंवा आजच्या बातमीत ‘गुन्हेगार’ हा शब्द दिसला, की त्याच्या पुढे कृत्य शोधावे : कोणती वस्तू, कोणता दिवस, कोणते कलम. ते सापडले, तर पुरावा तपासता येतो आणि आरोपीला उत्तरही देता येते. तेथे केवळ जमातीचे नाव असेल, तर त्या माणसाला स्वतःच्या बचावासाठी सांगण्यासारखे काहीच उरत नाही. सोलापुरच्या कुंपणाआड हजेरी देणाऱ्यांची स्थिती नेमकी हीच होती.